सामाईक मोकळा तास

पडद्यावरची ओळ वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा घातला. ओळ तशीच होती. ‘या दोन शिक्षिका एकाच वेळी मोकळ्या असू नयेत.’ खाली दोन कोड होते. एक तिचा स्वतःचा. दुसरा लोलकचा.

“हा नियम कुणी घातला?” तिने विचारलं.

“तुम्हीच, मॅडम,” शेजारी बसलेली इंजिनीअर मुलगी म्हणाली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून जरा सावरली. “म्हणजे तुम्ही असा लिहून नाही घातला. सिस्टिमला सापडला. कॉम्प्युटरवर टाइप व्हायला लागल्यापासूनची सगळी वेळापत्रकं आपण तिला दिली ना, त्यातून तिने काढला. जे इतक्या वर्षांत एकदाही घडलं नाही, ते मुद्दाम टाळलेलं असणार, असं ती धरून चालते.”

सकाळपासून काम कसं मजेत चाललं होतं. विद्यापीठाने सुट्टीत नवी सिस्टिम आणली होती. हजेरी, गुण, रजा, वर्गखोल्या, सगळं आता तिच्या पोटात जाणार होतं, आणि विज्ञान शाखेचं वेळापत्रकही, जे वर्षानुवर्षं तिने हाताने लावलं होतं. सिस्टिमने तिच्या जुन्या वेळापत्रकांतून तिचेच नियम शोधून काढले होते आणि ते एकेक करून तिला दाखवून कारण विचारणं हे या मुलीचं काम होतं. वनस्पतिशास्त्राच्या सरांना वरच्या मजल्यावर कधीच वर्ग नाही, तो का? गुडघा, ती म्हणाली. सरांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण जिना चढताना ते कठड्याला हात कसा लावतात ते तिने पाहिलं होतं. मुलीने टाइप केलं, ‘आरोग्यविषयक सोय’. गणिताचे दोघे एकाच खोलीत लागोपाठ कधीच नाहीत, ते का? पहिला फळा पुसत नाही आणि दुसरा त्यावरून वर्षभर धुसफुसतो. ‘साधनसामग्रीची उपलब्धता’. नव्याने लागलेल्या माणसाला सोमवारी पहिला तास नाही? “पोरं खातात त्याला,” ती म्हणाली. मुलगी हसली आणि तिने लिहिलं, ‘अनुभवानुसार नियोजन’. आपल्या हातून इतक्या वर्षांत काय काय होऊन गेलं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला गुदगुल्या झाल्यासारखं होत होतं. आणि मग ती ओळ आली.

“कारण काय लिहू?”

“पुढचा घे.”

“कारण नाही दिलं तर पुढे जात नाही ती. कायम ठेवायचा तर कारण लागतं, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांची संमती लागते. कालच निरोप गेलेत सगळ्यांना.”

“कुणाला?”

“ज्यांचे ज्यांचे नियम आहेत त्यांना. मोबाइलवर. ते आपोआप जातं.”

“मला नाही आला.”

“तुम्ही ते ॲप अजून उघडलेलंच नाही, मॅडम. इथे दिसतंय.”

मग शक्य तितक्या साध्या आवाजात तिने विचारलं, “आणि त्यांनी उघडलंय?”

मुलीने दुसऱ्या कोडवर बोट ठेवलं. “हो. वाचलाय. उत्तर नाही दिलेलं.”

म्हणजे लोलकने वाचलं होतं. घरी, एकटीने, विद्यापीठाच्या शुद्ध भाषेत, की तुम्ही आणि अमुक शिक्षिका यांना वेळापत्रकात एकत्र मोकळा वेळ देऊ नये असा नियम आढळला आहे, तो पुढे चालू ठेवावा काय. दोघी एकाच दिवशी लागल्या होत्या आणि पुढच्या वर्षअखेरीस एकदमच निवृत्त होणार होत्या. हे शेवटचं वेळापत्रक. एवढं एक वर्ष सरलं असतं तर दोघींमधलं जे काही होतं ते, सगळ्यांचंच जसं होतं, वयाने झालं, कामाने झालं, असं म्हणून मिटलं असतं. आता त्याला नियम हे नाव मिळालं होतं. “मी जरा पाय मोकळे करून येते,” असं सांगून ती उठली.

संगणक केंद्राच्या बाहेरचा बोळ रंगाच्या वासाने भरला होता. वर्गांतून काढलेले फळे भिंतीला पाठ लावून उभे होते आणि आतल्या भिंतींवर नवे काळे चकचकीत पडदे बसत होते. एक कामगार पडद्यावरचं पातळ प्लास्टिक सोलत होता, भाजलेल्या कातडीसारखं. चालता चालता ती तराजूच्या खोलीपाशी थांबली. तिथे आता सर्व्हर होते. दारातून थंड हवा आणि एकसुरी घरघर येत होती. पूर्वी या खोलीत पंखासुद्धा लावायला बंदी होती, कारण काचेच्या पेट्यांतले नाजूक तराजू वाऱ्याने हलायचे, आणि पंखा नाही म्हणून तिथे कुणी फिरकायचं नाही, आणि कुणी फिरकायचं नाही म्हणून ती खोली त्या दोघींची होती. लोलक हे नाव पोरांनी ठेवलेलं. शिकवताना ती फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी येरझारा घालायची, आणि पोरं माना हलवून हलवून दमायची. हिला गाळणी म्हणत, कारण हिच्या हातून एक चूक निसटत नसे. ही नावं त्यांना कुणी सांगितली तर रागावतील म्हणून पोरं जपत. दोघी मात्र त्या खोलीत एकमेकींना त्याच नावांनी हाक मारत. लोलकचा आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा, पण तराजूच्या खोलीत ती कुजबुजायची, मोठ्याने बोललं तर काटा हलेल म्हणून. मग मध्येच पेटीची काच वर करून मुद्दाम हळूच फुंकर मारायची आणि काटा डोलायला लागला की म्हणायची, “बघ, माझ्या शब्दाला वजन आहे.”

त्यांचा तो तास आकाशातून पडत नसे. तो लावावा लागे. सुट्टी सुरू झाली की हिच्या जेवणाच्या टेबलावर मऊ बुचाचा मोठा फळा यायचा, आणि घरातली माणसं काही दिवस मांडीवर ताटं घेऊन जेवायची. प्रत्येक शिक्षकाची एक आडवी ओळ, प्रत्येक वर्गाची वेगळ्या रंगाची चिठ्ठी. मोकळ्या तासाला चिठ्ठी नसे. तिथे बुचाचा तपकिरी चौकोन उघडा राही. दोघी एकाच दिवशी लागल्यामुळे त्यांच्या ओळी एकाखाली एक होत्या. सगळं बसलं, कुणाची कुणाशी टक्कर उरली नाही, की लोलक दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघायची आणि विचारायची, “आपले खड्डे एकाखाली एक आले का गं?” आले नसतील तर एकदोन टाचण्या इकडच्या तिकडे व्हायच्या. त्यात कुणाचं काही जात नव्हतं. “ही आपली मजुरी,” लोलक म्हणायची. हिची मुलगी तेव्हा टेबलाखाली बसून पडलेल्या चिठ्ठ्या गोळा करायची आणि बाहुलीला तास वाटायची. त्या वेळचं काय काय आठवत होतं: दुपारची उन्हं, टाचण्यांचा खुळखुळ्यासारखा वाजणारा डबा, लोलकचा नवरा तिला न्यायला यायचा आणि दारातच उभा राहायचा तो. तो नकाशे काढायचा. हसला तर आवाज होत नसे, फक्त खांदे हलत.

तो आजारी पडला आणि एकाच ऋतूत गेला. त्या सुट्टीत हिने पहिल्यांदा फळा एकटीने लावला. लोलक दमली असेल, तिला दुपारी घरी जाऊन पडता यावं, म्हणून हिने तिची सगळी कामं सकाळी नेली आणि दुपारची प्रॅक्टिकल्स स्वतःच्या ओळीत ओढली. टाचण्या लावताना तिला बरं वाटत होतं. दुःखात असलेल्या माणसासाठी काय करावं ते लोकांना सुचत नाही. तिला सुचलं होतं. एकाखाली एक असलेल्या दोन ओळी मग छायाचित्र आणि त्याची निगेटिव्ह असावी तशा दिसायला लागल्या. वर जिथे तपकिरी, खाली तिथे रंग. सुट्टी संपून वेळापत्रक लागलं, लोलकने ते पाहिलं आणि “बरं” म्हणाली. एवढंच. मग हळूहळू तिचं बोलणं कमी होत गेलं. आधी हिला ते दुःख वाटलं. पुढे ही विभागप्रमुख झाली तेव्हा वाटलं, ते लागलं असेल. त्यानंतर तिने काही वाटून घेणं सोडून दिलं. दोघी बैठकांमध्ये एकमेकींना मॅडम म्हणायला लागल्या.

पण नियम? नियम तिने केव्हा केला होता? बोळाच्या टोकाशी खिडकीला टेकून तिने ते नीट तपासून पाहायचं ठरवलं, प्रयोगातली चूक शोधावी तसं. कुठलंही वेळापत्रक कोऱ्या फळ्यावर सुरू होत नाही. मागच्या वर्षीचं घ्यायचं, जे बदललं तेवढ्याच टाचण्या काढायच्या. ती दर वर्षी पोरांना मोरचुदाचा स्फटिक वाढवायला शिकवायची: दोऱ्याला एक बारीक खडा बांधायचा, द्रावणात सोडायचा, आणि हलवायचं नाही. निळा स्फटिक त्या खड्यावर थर चढवत मोठा होत जातो, आणि खड्याची एखादी कड मोडकी असेल तर ती मोडसुद्धा वाढत जाते. तसंच झालं असणार. एका वर्षीची ती मांडणी, तिच्यावर दुसरं वर्ष, तिच्यावर तिसरं. उत्तर बरोबर होतं. तरी ते पुरेना. कारण एक दुपार तिला आता स्पष्ट आठवत होती. तिची मुलगी शिकायला दूर गेली होती, घरात शांतता होती, आणि एक नवा माणूस लागल्यामुळे बऱ्याच टाचण्या हलल्या होत्या. तेव्हा दोन तपकिरी चौकोन आपले आपण एकाखाली एक आले होते. तिने ते पाहिले होते. तोंडात टाचणी होती. त्या तासाला तराजूच्या खोलीत आपण जाऊ, आणि ती येणार नाही, किंवा येईल आणि मॅडम म्हणेल, असं काहीतरी मनातून गेलं असेल. किंवा काहीच गेलं नसेल. तिने एक चिठ्ठी उचलून बाजूच्या चौकोनात लावली. कारण आठवत नव्हतं. टाचणीची लोखंडी चव आठवत होती.

मोठ्या व्याख्यानगृहात शिक्षकांचं प्रशिक्षण चाललं होतं. तिने दार थोडं लोटलं. आयुष्यभर पोरांना गप्प बसवलेली माणसं बाकांवर बसून एकमेकांच्या मोबाइलमध्ये डोकावत होती. मंचावरचा प्रशिक्षक हजेरी कशी लावायची ते समजावत होता. “ज्यांची लागत नाहीये त्यांनी हात वर करा.” मागच्या बाकावर एक हात वर गेला. “माझी लागतेय,” लोलक म्हणाली, तोच मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज, आता उलट दिशेने, “पण ते म्हणतंय मी गैरहजर आहे.” सगळे हसले. हसता हसता लोलकची नजर दाराकडे आली. ती उठली, बाकांच्या कडेकडेने चालत बाहेर आली आणि तिने दार हलकेच ओढून घेतलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. हे रोज दिसत होतंच. पण इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

“निरोप वाचलात का, मॅडम?” हिने विचारलं.

“वाचला. भाषा चांगली होती.”

“तो मी घातलेला नाही.”

“यंत्राने घातला म्हणे.”

“यंत्राला सापडला.”

“म्हणजे होता,” लोलक म्हणाली.

दोघी फळ्यांच्या रांगेसमोर उभ्या होत्या. कामगार शिडी घेऊन आला, त्याला वाट द्यायला दोघी एकाच बाजूला सरकल्या.

“यंत्राने सांगायची गरज नव्हती मला,” लोलक म्हणाली. “वेळापत्रक लागलं की सगळे आपापली ओळ बघतात. मी आधी माझी बघायचे, मग तुझी. दर वर्षी. इतकी माणसं, इतके तास, एखाद्या वर्षी तरी हिच्या हातून चूक होईल, असं वाटायचं मला. नाही झाली. हुशार बाई तू.”

ते तू ऐकून तिला एकदम खाली बसावंसं वाटलं. ती म्हणाली, “बोलणं तू बंद केलंस.”

“तू मला घरी पाठवलंस.”

“दमली होतीस गं. म्हटलं दुपारी जरा पडशील—”

“एक वाजता. रोज. सकाळी माणूस घाईत असतो, संध्याकाळी दिवे लावायचे असतात, काहीतरी शिजवायचं असतं. दुपारला काही नसतं. कुलूप उघडायचं आणि आत जायचं. पहिले काही दिवस मी गेलेच नाही, वाचनालयात बसायचे. मग तिथली मुलगी विचारायला लागली, मॅडम, तुम्हाला तास नाही का?”

“मला सांगायचं होतंस.”

“काय सांगणार? माझी प्रॅक्टिकल्स घेऊन घेऊन तुझा घसा बसला होता. त्या बसलेल्या घशाला काय सांगायचं, की परत दे माझ्या दुपारी?” लोलकने नखाने एका फळ्यावरची पुसट खडू-रेघ खरवडली. “राग आला होता. मग तो गेला. पण तोवर आपल्याला मॅडम म्हणायची सवय झाली होती.”

आतून प्रशिक्षकाचा आवाज येत होता. तिला पुष्कळ बोलायचं होतं, स्फटिकाचं, मागच्या वर्षीच्या टाचण्यांचं, आणि त्या एका दुपारचंही. तिने फक्त त्या दुपारचं सांगितलं. चौकोन आले होते, मी पाहिले, आणि हलवले. का ते आठवत नाही. लोलकने ते मान खाली घालून ऐकलं. “बरं,” ती म्हणाली, पण हे बरं निराळं होतं. मग म्हणाली, “चल, कुठाय तुझं ते यंत्र?”

इंजिनीअर मुलीने दोघींसाठी खुर्च्या ओढल्या. नियम पडद्यावर तसाच थांबलेला होता. “रद्द कर,” ती म्हणाली. लोलकनेही मोबाइलवर बोट टेकवलं.

“कारण लिहायचं का?” लोलकने विचारलं.

“रद्द करायला कारण लागत नाही,” मुलगी म्हणाली.

ओळ नाहीशी झाली आणि खालच्या ओळी वर सरकल्या. “आता एक कर,” ती घाईने म्हणाली, “आम्हा दोघींना आठवड्यातून एक सामाईक मोकळा तास घाल.”

मुलगी अवघडली. “तो नवा नियम होईल, मॅडम. त्याला कारण लागेल. शैक्षणिक.” थोडा विचार करून तिनेच मदत केली. “एकत्र संशोधन वगैरे लिहू का?”

“नको,” लोलक म्हणाली. “नियम झाला तर मी हजेरी लावायला आल्यासारखी येईन. पडेल तसं पडू दे.”

मुलीने बटण दाबलं. टेबलावर दिवस दिवस चालणारं काम काही मिनिटांत होणार होतं. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलोय, निकाल लागायच्या दिवशी पोरं बसतात तशा. मसुदा उघडला. मोकळे तास आता पांढरे होते. लोलकने आधी स्वतःची ओळ पाहिली, मग पुढे वाकून हिची. आठवड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिचं बोट पडद्यावरून फिरत गेलं आणि शेवटच्या चौकोनावर थांबलं. सामाईक असा एकही नव्हता.

लोलक हसायला लागली. “हिला कुणी शिकवलं गं? नियम तर काढला आपण.”

“हा पहिलाच मसुदा आहे,” मुलगी ओशाळून म्हणाली. “हाताने बदलता येतं. हा तास इकडे ओढला की झालं. मॅडम, तुम्ही करता का?” तिने माउस पुढे सरकवला.

एका चौकोनाचं काम होतं. कोणता ते तिला दिसलंही होतं. इतक्या वर्षांची नजर होती. तिने माउसवर हात ठेवला. हात तसाच राहिला.

“किती वाजले?” लोलकने विचारलं.

“एक वाजत आलाय.”

“मग ऊठ.”

“कुठे?”

“घरी. मला कुठे पाठवायचीस ते बघ तरी एकदा.”

घर दूर नव्हतं. रस्ता उन्हाने पांढरा झाला होता, दुकानांची दारं अर्धी ओढलेली. जिन्यात शेजाऱ्यांच्या दारामागे कुणीतरी भांडी विसळत होतं. लोलकने कुलूप उघडलं, दार ढकललं आणि आधी हिला आत जाऊ दिलं. बाहेरची खोली स्वच्छ होती. दोन खुर्च्या, एक पलंग, खिडकीत वाळत घातलेला एकच टॉवेल. लोलकने पाणी दिलं, दोघींनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच थोडंसं खाल्लं, काय खाल्लं ते नंतर तिला सांगता आलं नसतं. मग लोलक म्हणाली, “मी पडते जरा. आता सवय झालीय. तू बस.” आणि आतल्या खोलीत गेली.

ती बसली. फ्रिज चालू होता हे तो बंद पडल्यावर कळलं. मग आणखी एक आवाज गेला, बहुधा खालच्या पंपाचा, आणि शांतता एक पायरी खाली उतरली. फरशीवर खिडकीचा उजेड पडला होता, फरशीच्या सांध्यापासून थोडा अलीकडे. तो सांध्यापर्यंत येईल म्हणून ती बघत राहिली. बघत असताना तो हलत नव्हता. तिने ग्लास उचलला, रिकामा होता, परत ठेवला. काच टेबलाला लागल्याचा आवाज खूप मोठा झाला. उठून काहीतरी करावं असं वाटलं, पण करण्यासारखं काही बाहेर ठेवलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं तिने माणसांना तास वाटले होते. टाचणी काढली, चिठ्ठी उचलली, की तिथे तपकिरी चौकोन उरायचा. त्याच्या आत कसं असतं ते तिला माहीत नव्हतं. भांडी विसळणारी बाईही आता थांबली होती. उजेड सांध्याला टेकला होता. केव्हा ते तिला दिसलं नव्हतं.

“बसलीस का गं?” आतून आवाज आला. झोपलेल्या माणसाचा नव्हता.

“बसलेय.”

पलंग करकरला, बहुधा लोलकने कूस बदलली.

“अजून पुष्कळ आहे,” ती आतून म्हणाली. “चारपर्यंत असंच असतं.”

“असू दे,” ती म्हणाली, आणि तिने पाय वर घेतले.